नदीत मासे सोडण्याआधी

रत्नागिरी,
मृग नक्षत्र

चि. निनाद,

तुझं पत्र आणि सोबतचा आराखडा दोन्ही सावकाश वाचले. भोरच्या जमिनीवर तीन सिमेंटच्या टाक्या, एक शेततळं, त्यात खडशीचं प्रजनन, आणि पुढच्या वर्षी गणपतीत गावकऱ्यांना बोलावून पाच हजार बोटुकली ओढ्यात सोडायची. तुझ्या वडिलांना हे सगळं वेड वाटतं, मला वाटत नाही. नोकरी सांभाळून कुणी दुर्मिळ माशांच्या मागे लागत असेल तर ते मला आवडतंच. पण तू माझं मत मागितलंस, म्हणून सांगते. आराखड्यातल्या टाक्या ठेव, शेततळं ठेव, गणपतीतला कार्यक्रम काढून टाक. का, ते सविस्तर लिहिते. चहा घेऊन बस.

खडशी म्हणजे आपला दख्खनी महाशीर. विल्यम साइक्सने १८३९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेही पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. आज तिथे तू जाळं टाकलंस तर जलपर्णी वर येईल. नदीवर बांध झाले, वाळू उपसली, सांडपाणी आलं. हा मासा वाहत्या, स्वच्छ, प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यातला. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढायचं आणि गोट्या-वाळूच्या तळाशी अंडी घालायची, ही त्याची रीत. त्यात अंडी कमी. रोहूची मादी किलोमागे लाखांनी अंडी देते, खडशीची काही हजारांत. त्यामुळे वाट अडली आणि वर सुरुंग लावून मासेमारी सुरू झाली, की हा मासा लवकर खचतो.

यावर पहिला मोठा उपाय आपल्याच राज्यात झाला, हे तुला ठाऊक असायला हवं. लोणावळ्याला टाटांच्या वीजप्रकल्पाचा वळवण तलाव आहे. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७०च्या सुमारास तिथे खडशीच्या प्रजननाचा पाया घातला. पावसाळ्यात तलावाच्या तोंडाशी वर चढू पाहणाऱ्या माद्या पकडायच्या, पोट हलक्या हाताने दाबून अंडी कोरड्या भांड्यात काढायची, त्यावर नराचं मिल्ट, म्हणजे वीर्य, घालायचं, पिसाने हळूच ढवळायचं, मग पाणी. अंडी पिवळसर, अडीच-तीन मिलिमीटरची, जड; तळाला बसतात. ती वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये पसरून ठेवायची, मेलेलं अंडं दिसलं की उचलायचं, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांना लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिल्लं फुटतात, पण पोटाला बलकाची पिशवी असल्याने पुढचे काही दिवस ती उजेड टाळून कोपऱ्यात पडून असतात. नवखा माणूस इथेच घाबरतो आणि पाण्यात हात घालतो. तू घालू नकोस. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी तर फलित अंडी ओल्या कापसात बांधून विमानाने पाठवता येतात हेही दाखवून दिलं. ही मंडळी कामाची पक्की होती. त्यांच्या खटाटोपामुळे लोणावळ्याहून महाशीरचं बीज देशभर जाऊ लागलं.

आणि गोष्ट इथूनच वाकडी होते.

कावेरीत एक महाशीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी छटेच्या परांचा. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन नावाच्या गृहस्थांनी काबिनी नदीत गळाला लावलेला महाशीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता. गळाने मासे धरणाऱ्यांच्या जगात कावेरीचं नाव त्यावर चालत होतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तिथला महाशीर कमी झाला म्हणून त्या नदीत लोणावळ्याच्या बीजाचे मासे सोडले जाऊ लागले. हेतू शंभर टक्के चांगला. महाशीर कमी झालाय, महाशीर सोडा. पण सोडला तो खडशी, निळसर परांचा, कृष्णेच्या खोऱ्यातल्या वंशाचा. कावेरीतला उंच पाठीचा मासा वेगळ्याच जातीचा होता आणि त्याला नेमकं शास्त्रीय नाव कोणतं लावायचं हेच तेव्हा ठरलेलं नव्हतं.

पुढे ॲड्रियन पिंडर आणि राजीव राघवन यांनी कावेरीवरच्या एका मासेमारी तळावरच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी तपासल्या. कुणी किती तास गळ टाकला, काय लागलं, वजन किती. त्यात महाशीरची एकूण संख्या वाढताना दिसते, सरासरी वजन उतरताना. सगळे खूश होते, कारण मासे लागत होते. पण लागत होते ते निळ्या परांचे. उंच पाठीचा मासा नोंदींतून आटत चालला होता आणि त्याची लहान पिल्लं तर दिसेनाशीच झाली होती. एकूण आकडा चढत होता म्हणून ही गळती कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. २०१८ साली तो मासा म्हणजे टोर रेमादेवी ही जात असल्याचं निश्चित झालं आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत तिची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. आपला खडशी आज त्याच यादीत ‘कमी चिंतेच्या’ रकान्यात आहे. एकाला वाचवण्याच्या यशाने दुसऱ्याच्या अडचणीत भर पडली. कावेरीत बाकीची संकटंही होती, धरणं, सुरुंग, वाळू. सगळा दोष बीजाच्या माथी मारू नये. पण नदीत टाकलेलं बीज परत गोळा करता येत नाही, एवढं तरी यातून घे.

म्हणून तू लिहिलेलं ‘मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली आणून सोडू’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुझा ओढा नीरेला मिळतो, नीरा भीमेला, भीमा कृष्णेला. तू भोरला सोडलेल्या माशाची पिल्लं कुठवर जातील हे तुझ्या हातात नाही. आणलेली बोटुकली कुठल्या तलावातल्या कुठल्या आईबापांची, हे विकणाऱ्यालाही बहुधा सांगता येणार नाही. लोणावळ्याला वेगवेगळ्या महाशीरांचे संकरही करून पाहिले गेले होते. ते अभ्यासासाठी ठीक. पण पावतीवर नुसतं ‘महाशीर’ लिहिलेलं असेल, तर ती पिशवी ओढ्याच्या काठावर आणूसुद्धा नकोस.

आता तुझ्या अगदी जवळचं उदाहरण. भोरहून वरंध घाट उतरलास की महाडच्या बाजूला वाळणकोंड लागतं. काळ नदीचा तो डोह देवीचा, तिथले खडशी मासे कुणी मारत नाही. लोक त्यांना चुरमुरे घालतात. वाड्याजवळ तिळसे इथेही वैतरणेत तसंच. घाटमाथ्याच्या त्या बाजूचं पाणी सावित्रीतून अरबी समुद्राला जातं, तुझ्या बाजूचं पार बंगालच्या उपसागराला. अंतर मोटारीने दीड-दोन तासांचं, पण दोन्हीकडचे मासे किती पिढ्या एकमेकांना भेटले नसतील याचा विचार कर. जात एकच असली तरी वंश वेगळे आहेत असं धरूनच चालायचं. वाळणकोंडातून ‘चार मोठे मासे मागून आणू’ हा तुझ्या मित्राचा विचार त्यामुळे दोन्ही अंगांनी चूक आहे. देवीचे मासे मागायचे नाहीत हे एक, आणि मिळाले तरी ते नीरेत घालायचे नाहीत हे दुसरं.

मग करायचं काय? माझं ऐकशील तर खडशीचा नाद सोड. त्याच्यासाठी मोठी केंद्रं आहेत, जाणकार आहेत, पैसा आहे. तुझ्या ओढ्यात जे बोटाएवढे मासे आहेत, मुऱ्या, मळ्या, खडकाला चिकटणारे छोटे शिंगाळे, त्यांना कुणी विचारत नाही. सुंदरलाल होरा यांनी १९३८ साली पुण्याजवळच्या एका अशाच छोट्या मार्जारमीनाला पुण्याचंच नाव दिलं: ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस. त्याच्या छातीवर चुण्या असतात, त्यांच्या जोरावर तो ऐन लोंढ्यात दगडाला धरून राहतो. असा मासा काचेच्या शांत टाकीत टाकलास तर चार दिवसांत मान टाकेल. त्याला जोराचा झोत, थंड पाणी, दगडाखालची जागा लागणार. असल्या माशाला आधी वर्षभर नुसतं जगवून दाखव. तेवढं जमलं तरी मी तुझं कौतुक करीन, प्रजनन पुढे.

जात कोणतीही निवड, वही मात्र पहिल्या दिवसापासून हवी. कुठल्या डोहातून, कुठल्या तारखेला, किती नर, किती माद्या, कुणाची पिल्लं कुठल्या टाकीत. आपल्याकडे हेळवी दारोदार येऊन पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी वाचून दाखवायचे, तशी तुझी चोपडी असली पाहिजे. चोपडी नसलेला मासा शोभेचा, संवर्धनाचा नाही.

नर-मादीच्या हिशेबात हौशी माणूस हमखास फसतो, म्हणून तो मांडून दाखवते. समज, तुझ्याकडे पन्नास माद्या आहेत आणि दोनच धडधाकट नर. तू त्या दोघांचंच मिल्ट सगळ्यांवर वापरलंस. टाकीत प्रजनक बावन्न, पण वंशाच्या दृष्टीने ते किती? नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. उत्तर येतं जेमतेम आठ. म्हणजे पुढच्या पिढीत वंशाची विविधता जेवढी उरेल, ती जणू आठच माशांतून आल्यासारखी. तेच पंचवीस नर आणि पंचवीस माद्या घेतल्यास तर हिशेब पुरे पन्नास देतो. मासे दोन कमी, वंश सहापटीहून जास्त. निदान पन्नास तरी हवेत असं या शास्त्रातले लोक सुरुवातीचा अंदाज म्हणून धरतात, आणि तेही थोड्या पिढ्यांपुरतं. शिवाय प्रत्येक जोडीची अंडी वेगळ्या ट्रेमध्ये ठेव आणि पुढे नेताना प्रत्येक कुटुंबातून सारखीच पिल्लं घे. एका मादीची पिल्लं जोमदार निघाली म्हणून तिचीच हजार ठेवलीस, तर ओढ्यात तू एकाच घरची भावंडं सोडशील.

हिरालाल चौधुरींनी १९५७ साली पियूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं, तेव्हापासून आपल्याकडे बीज तयार करणं ही गोष्ट अवघड राहिलेली नाही. १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन साजरा होतो तो त्याचाच. पण ते शास्त्र ताटातल्या माशासाठी आहे. लवकर वाढणारा, गर्दी सोसणारा, हातातून खाणारा मासा तिथे चांगला. नदीला नेमका उलटा मासा हवा: सावली पडली की पळणारा, उपाशी राहू शकणारा, धीवराला आणि पाणसापाला हुकवणारा. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या हूड नदीत स्टीलहेड ट्राउटचा अभ्यास झाला, २००७ साली तो प्रसिद्ध झाला. बंदिस्त वाढवलेल्या माशांची नदीत जाऊन पिल्लं निपजवण्याची क्षमता बंदिवासातल्या प्रत्येक पिढीमागे सुमारे ४० टक्क्यांनी घसरत होती. दोन पिढ्या टाकीत काढल्या तर किती उरतं, तूच गुणाकार कर. म्हणून टाकीतल्या पिढ्या कमीत कमी ठेव आणि लाड तर करूच नकोस. दिवसातून चार वेळा गोळीखाद्य, एकसारखं तापमान, काचेसारखं पाणी, हे सगळं तुझ्या समाधानासाठी असतं.

लाड न करता काय साधतं, याचा चांगला दाखला मेक्सिकोत आहे. तिथे तेउचित्लान नावाच्या छोट्या नदीत टकीला मासा म्हणून एक बोटभर जात होती, ती नदीतून पार नाहीशी झाली. १९९८ साली इंग्लंडमधल्या इव्हान डिबल या मत्स्यपालकाने त्या माशाच्या पाच जोड्या मिचोआकान विद्यापीठात आणून दिल्या. हो, घरगुती टाक्यांत मासे पाळणाऱ्या माणसाने. तुझ्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं. विद्यापीठाने ती जात पंधरा वर्षं प्रयोगशाळेत सांभाळली. पण तिथून थेट नदीत सोडली नाही. चाळीस नर आणि चाळीस माद्या आधी उघड्या तळ्यांत टाकल्या, जिथे परजीवी होते, शिकारी होते, अन्न कधी मुबलक तर कधी नाही. चार वर्षांनी त्या तळ्यांत सुमारे दहा हजार मासे झाले. त्यातले दीड हजार मग नदीकडे नेले. त्याआधी पाणी तपासलं, काठच्या लोकांना बरोबर घेतलं. पाच जोड्यांपासूनच सुरुवात असल्याने वंशाची विविधता जेवढी होती तेवढ्यावरच भागवावं लागलं, तो त्यांचा नाइलाज होता. तुझा तसा नाइलाज नाही, तुझ्या ओढ्यात मासे अजून जिवंत आहेत.

म्हणून तुझं शेततळं मला टाक्यांपेक्षा मोलाचं वाटतं. त्यात प्लॅस्टिकवर दगडगोटे टाक, काठाला लव्हाळा वाढू दे, बेडूक आले तर येऊ देत, धीवर आला तर हाकलू नकोस. फक्त दोन गोष्टी बघ. तळं पुराच्या रेषेच्या वर हवं, कारण पाऊस चढला की पाणी तुझी परवानगी घेऊन ओसंडत नाही. आणि त्याच तळ्यात चिलापी, मांगूर, शोभेचे सकर मासे यांतलं एकही कधी येता कामा नये. उजनीच्या मच्छीमारांना विचार, जाळ्यात सकर भरला की काय होतं ते. दिवे गेल्यावर काय, याचाही आधीच विचार कर. एअरेटर बॅटरीवर चालणारा घे आणि सगळे मासे एकाच जागी ठेवू नकोस. निम्मे दुसऱ्या कुणा भरवशाच्या माणसाकडे दे.

परवानगीचं तू एका ओळीत उरकलं आहेस. नदीतून प्रजननासाठी मासा उचलायचा असो की सोडायचा असो, मत्स्यव्यवसाय खात्याला विचारल्याशिवाय करू नकोस. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळव. समिती नुसती कागदावर असेल तर तुझ्या निमित्ताने जागी होईल, आणि लोक जैवविविधता नोंदवहीत ओढ्यातले मासे तरी लिहिले जातील. गावातल्या म्हाताऱ्यांना नावं विचार, त्यांना पुस्तकांपेक्षा जास्त माहीत असतं.

राहता राहिला ओढा. आत्ता मृग लागलाय. आठ-पंधरा दिवसांत चढणीचे मासे लागतील आणि तुझ्या गावची पोरं रात्री बॅटऱ्या घेऊन ओढ्यात उतरतील. गाभोळीने भरलेल्या माद्या पिशव्या भरभरून घरी जातील. मीही लहानपणी ते खाल्लेले आहेत, चवीबद्दल वाद नाही. पण तुझ्या तीन टाक्या वर्षभरात जेवढी पिल्लं देतील, त्याहून जास्त अंडी त्या एका रात्रीत कढईत जातात. गावाशी बोलून एखादा डोह आणि चढणीचे पहिले आठ दिवस सोडवून घेता आले, तर टाक्यांचा खर्च न करताही निम्मं काम होईल. ओढ्यावरच्या बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्यात वेळेवर काढल्या जातात का तेही पाहा. नसतील तर मासा वर चढणार कुठून? आणि ज्या कारणाने मासा कमी झाला ते कारण जागेवरच असेल, तर तू पाच हजार सोड नाहीतर पन्नास हजार, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पिशवी घेऊन उभा राहशील.

तेव्हा या वर्षी एकही मासा सोडू नकोस. वर्षभर ओढ्यात काय आहे ते बघ, मोज, लिही. दिवाळीत वही घेऊन ये, आपण दोघं बसून पाहू. टाक्या त्यानंतर बांध.

वडिलांना नमस्कार सांग. पाठदुखीसाठी डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं, गेला नसेल.

तुझी
आत्या

ता. क. टाकीत डास होतात म्हणून गप्पी सोडू का, असं तू शेवटी विचारलं आहेस. सोडू नकोस. जाळी लाव.